वडीगोद्रीहून हरारला

आमच्या वडीगोद्रीच्या फाट्यावर तीन रस्ते भेटतात. एक शहागडवरून बीडकडं जातो, एक अंबडवरून जालन्याला आणि तिसरा पाचोडवरून छत्रपती संभाजीनगरला. या तिसऱ्या रस्त्यानं मी आयुष्यभर गेलो. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी. आता ते शहर ज्यानं वसवलं, त्याच्या मुलखाला जायचं ठरवलं आहे. तो मुलूख आफ्रिकेत आहे. इथिओपिया देशात, हरार नावाच्या तटबंदीच्या शहराभोवती.

मलिक अंबरचं नाव आपण ऐकलेलं असतं. साधारण १५४८ साली त्याचा जन्म झाला, तो हरारच्या परिसरात, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याचं मूळ नाव चापू. पोरवयातच त्याला गुलाम म्हणून विकलं. हातोहात विकला जात तो बगदादला आणि तिथून दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, जो स्वतःही हबशीच होता, त्यानं त्याला विकत घेतलं. पुढं हाच पोरगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्यानं शहरात आणलं. जमीन मोजून, पीक पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून ओळखली गेली. १६२४ ची भातवडीची लढाई त्यानं शहाजीराजांना सोबत घेऊन जिंकली. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला विसावला. जन्मगावी परत जाणं त्याच्या नशिबात नव्हतं.

म्हणून माझी सहल खुलताबादेतूनच सुरू होणार आहे. आधी त्याची कबर पाहायची. मग त्यानं १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा. हे दोन्ही डोळ्यांत साठवून मगच मुंबई गाठायची.

बेत सहा दिवसांचा आहे. एवढ्या दिवसांत दोनच शहरं बघायची, तिसऱ्याचा मोह टाळायचा. जून ते सप्टेंबर तिकडंही पावसाळा असतो. म्हणून ज्वारीची पेरणी उरकून, दिवाळीनंतर निघायचं. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. पाच-सहा तासांत पोचतं. तिथून तासाभराच्या विमानानं दिरे दावा, आणि पुढं पन्नासेक किलोमीटर घाटरस्त्यानं हरार. अंगात घालायला स्वेटर हवाच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. हरार त्याहून उंचावर आहे आणि अदिस अबाबा तर २,३०० मीटरच्याही वर आहे. पहिल्या दिवशी पायऱ्या चढताना धाप लागली तर घाबरायचं नाही, सावकाश चालायचं.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरून चालणार नाही. पीतज्वराची लस. इथिओपियाहून परतणाऱ्याकडं तिचा दाखला आपलं सरकार मागतं. सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

काळजी करणारे विचारतात, तिकडं शांतता आहे का? इथिओपियाच्या काही भागांत खरोखर संघर्ष चालू आहे. म्हणून परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचायच्या आणि देशाची नव्हे, आपल्या वाटेवरच्या जिल्ह्यांची माहिती घ्यायची. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या बातम्या देशभर झळकल्या, तेव्हा दूरच्या नातेवाइकांचे फोन आले होते. कोणती वाट बंद, कोणती चालू, हे फाट्यावरच्या माणसालाच नीट सांगता येतं. तिकडंही मुक्कामाच्या ठिकाणी विचारूनच पुढचं पाऊल टाकायचं.

तिथलं घड्याळ समजून घ्यायला हवं. लोक तास मोजतात ते दिवस उगवल्यापासून. आपले सकाळचे नऊ, तिथं तीन. गाडीवाल्यानं ‘तीनला येतो’ म्हटलं, तर सकाळी की दुपारी हे विचारून घ्यावं. वर्षाला महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आणि अधिक महिना पाळणाऱ्या आपल्या घरांना हे परकं वाटू नये.

जेवणाचंही तसंच. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात, आपल्या आंबोळीसारखी जाळीदार. सोबत शिरो. कडधान्याच्या पिठाचं ते कालवण पाहिलं की पिठल्याची आठवण यावी. तिथले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात आणि मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. माळकऱ्यांनी त्या दिवशी उपवासाचं ताट मागावं.

अदिस अबाबात एक दिवस पुरे. राष्ट्रीय संग्रहालयात ‘लूसी’ पाहायची. १९७४ मध्ये सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा तो मानवपूर्वज. उरलेला वेळ हरारला द्यायचा.

हरारचं जुनं शहर अवघं १२० एकरांच्या आसपास. भोवती तट, तटाला जुने पाच दरवाजे, आत बोळांचं जाळं आणि ८२ मशिदी. संध्याकाळी तटाबाहेर माणसं तरसांना हातानं मांस भरवतात. २००६ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. पण माझं मन अडकलंय ते तटात. अमीर नूर यानं तो सोळाव्या शतकाच्या मध्यात उभारला. म्हणजे चापू लहान होता, त्याच सुमारास. त्यानं तो पाहिला होता का, कोण सांगणार? पण त्याच्या मुलखातलं, त्याच्या काळातलं काहीतरी मला हातानं चाचपता येईल.

तिथं बुन्ना, म्हणजे कॉफी, पाहुण्याला तीनदा देतात. उठायची घाई करायची नसते. त्या बैठकीत कुणी विचारेल, कुठून आलात? मी सांगेन, तुमच्याकडच्या एका पोरानं आमच्या कोरड्या मुलखात पाणी आणलं, तिथून आलो.