सकाळी किती वाजता उठायचं?

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माझ्या दिव्यांग बंधुभगिनींनो, पालकांनो, संस्थाचालकांनो आणि मदतनीस मित्रांनो,

करवीरनगरीत या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, ते हे गाव. याच गावात 1984 साली नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्तीच जेव्हा संस्था चालवते, तेव्हा रॅम्पच्या उतारापासून संडासाच्या दारापर्यंत सगळ्याची मापं वेगळी होतात, हे आम्ही कोल्हापूरकर जाणतो.

आपल्या नोंदणी-अर्जात आम्ही विचारलं होतं : कोणती मदत हवी आणि ती कुणाकडून हवी? कुणी लिहिलं, मदतनीस बाईच हवी. कुणी लिहिलं, मला विचारल्याशिवाय खुर्ची ढकलू नका. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना भाषणं आदल्या दिवशी द्या, असंही एकांनी सुचवलं, आणि ती दिली आहेत. हे विचारायला आम्हाला एक जास्तीचा रकाना पुरला.

मात्र आपल्या वसतिगृहांत आणि काळजी-केंद्रांत हा रकाना बहुधा नसतो. तपासणीला साहेब येतात, हजेरीपट बघतात, खाटा मोजतात, धान्याचा साठा पाहतात. ते पाहायलाच हवं. पण तिथे राहणारी मुलगी सकाळी किती वाजता उठते, आणि ती वेळ कुणी ठरवली? तिला आंघोळ कोण घालतं, आणि ते तिला चालतं का? न आवडणारा मदतनीस बदलून मागता येतो का? भिंतींना ताजा रंग असेल, ताटात दोन भाज्या असतील, पण या प्रश्नांना उत्तर नसेल तर त्या सेवेला मी चांगली म्हणणार नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 5 याच बाजूने उभं आहे. कुणालाही विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये, आणि वय व लिंग ध्यानात घेऊन वैयक्तिक मदतनिसापर्यंतच्या सेवा मिळाव्यात, यासाठी शासनाने प्रयत्न करावेत, असं ते सांगतं. जास्त मदतीची गरज असलेल्यांना कलम 38 खाली अर्ज करता येतो. पण पूर्णवेळ मदतनिसाचा पगार निराधार अनुदानातून भागत नाही, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. मग घर किंवा संस्था, एवढंच उरतं. स्वीडनमध्ये 1994 पासून कायद्याने मदतीचे तास मंजूर होतात, खर्च सरकार उचलतं आणि मदतनीस कोण, हे ती व्यक्ती निवडते. हवं तर ती स्वतःच त्याची मालक होते. तिथेही हा हक्क आधी दिव्यांगांनी स्वतःची सहकारी संस्था काढून करून दाखवला होता. सहकार तर आमच्या या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला आहे!

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांशी मला थोडं जास्त बोलायचं आहे. "त्याला काय कळतंय?" हे वाक्य आपण प्रेमानेच बोलतो. तुमची रात्रंदिवसाची काळजी मी जवळून पाहतो, तिला माझा नमस्कार आहे. तरीही कायद्यातलं मर्यादित पालकत्व हे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असतं. शर्ट निळा की पांढरा, हे मान हलवून सांगणाऱ्या मुलाला आपली खोली कुणासोबत हवी, हेही सांगता येतं. चित्रं दाखवा, वेळ द्या, पुन्हा विचारा.

उद्या दुपारच्या सत्रात सेवा घेणारे बोलतील आणि आम्ही संस्थाचालक समोर बसून लिहून घेऊ. त्यातून तपासणीचा नवा तक्ता करून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला द्यायचा, असा समितीचा मानस आहे. त्या तक्त्याचा पहिला प्रश्न तुम्हीच सुचवा.

दोन दिवसांत काही कमी पडलं, तर हिरवी फीत लावलेल्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा. उद्घाटकांनी आता परिषदेचं उद्घाटन करावं, अशी विनंती करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!