बिनपॉलिशचे वल्हे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आयुष्यभर मी सुतारकाम केले. पलंग, देव्हारे, दिवाणखान्यातली कपाटे. लाखेचे पॉलिश चढून त्यात तोंड दिसू लागले की काम पुरे झाले, असे मी मानत असे. माझी ही समजूत एका वल्ह्याने उतरवली, तीही अमेरिकेत.

मुलाकडे मिनेसोटात गेलो होतो. तिकडे हौशी माणसे घरीच बीअर करतात. १९७८ सालच्या केंद्रीय कायद्याने घरापुरती बीअर करायला मोकळीक मिळाली. मुलालाही तो नाद. मी माळकरी. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "बाबा, ढवळायला एक वल्हं करून द्याल का?" लाकडाचे काम म्हटल्यावर मला नाही म्हणवेना.

मोड आणून वाळवलेले जव भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या उष्णतेत धान्यातल्या स्टार्चची साखर होते. पण पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्या, तर आतले पीठ कोरडेच राहते. त्या फुटाव्यात म्हणून वल्ह्याच्या पात्याला भोके हवीत.

लाकूड घेतले मेपलचे. घट्ट, बारीक छिद्रांचे. ओकची छिद्रे मोठी आणि अंगात टॅनिन, म्हणून ते टाळले. गरम पाण्यात सांधा उकलू नये यासाठी तीन फुटांची, इंचभर जाड अशी एकसंध फळी निवडली. दांडा रंध्याने गोल केला, पाते कडेला निमुळते केले, भोके पाडून त्यांच्या कडा कानशीने मारल्या.

मग माझी खोड जागी झाली. मुलगा कामावर गेला असताना मी लाखेचे पॉलिश चढवले. गरम पेल्याने टेबलावर उठणारे पांढरे डाग मीच कितीदा काढून दिले होते; तरीही चकाकीचा मोह सुटला नाही. रविवारी वल्हे त्या गरम लगद्यात घातले आणि लाख मऊ पडून पांढरट झाली, पापुद्रे सुटू लागले. मुलाने सगळे धान्य फेकून दिले. बोलला काहीच नाही. त्यापेक्षा तो रागावला असता तर बरे वाटले असते.

त्या रात्री पॉलिश खरवडून मी लाकूड उघडे केले. ओल्या फडक्याने पुसले की लाकडाचे तंतू उभे राहतात. ते वाळल्यावर पॉलिशपेपरने घासले, पुन्हा भिजवले, पुन्हा घासले. तिसऱ्या खेपेला तंतू उठेनासे झाले.

"तेल लावू का?" या वेळी आधी विचारले.

"नको बाबा, तेलाने बीअरचा फेस बसतो."

"आणि जंतू?"

"हे पाणी नंतर तासभर उकळतं. ते गार झाल्यावर मात्र वल्हं आत घालायचं नाही."

म्हणजे वल्हे कोरेच ठेवायचे. काम झाले की साबण न लावता गरम पाण्याने धुवायचे आणि सावलीत टांगायचे. ज्या वस्तूचा संबंध अन्नाशी, तिचे काम कुठे थांबवायचे हे त्या अन्नाला विचारावे, एवढे मी उतारवयात शिकलो.

बीअर मी चाखली नाही, चाखणारही नाही. पण पुढच्या रविवारी, उकळण्यापूर्वी, जवाचे ते गोड पाणी मुलाने वाटीत घालून पुढे केले. त्यात अजून नशा नसते. नाचणीच्या सत्त्वाची आठवण झाली. मी वाटी रिकामी केली.