घरचा माठ कसा निवडावा



द्राक्षमद्य १२ ते १५ अंश सेल्सिअसवर राखणारें विजेचें कपाट कोणतें घ्यावें, हा प्रश्न शहरांतल्या कांहीं घरांना पडतो. सेवाग्रामांत तो पडत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आहे. परंतु मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां प्यावयाचें पाणी कशांत निववावें, हा प्रश्न मात्र घरोघरीं पडतो. त्याचें जुनें उत्तर कुंभाराकडे आहे.

माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, बाहेर त्याची वाफ होते आणि ती आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून विदर्भाच्या कोरड्या हवेंत माठ चोख काम करतो. कोंकणाच्या दमट हवेंत तितकें नाहीं.

घेतांना माठ बोटानें वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर तो पक्का भाजलेला. बद्द वाजला तर कच्चा किंवा तडकलेला समजावा. रोगण चढविलेला माठ टाळावा, कारण छिद्रें बुजतात. नवा माठ रात्रभर पाण्यांत भिजवावा. मग तो तिवईवर, सावलींत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. कोंदट कोपऱ्यांत नव्हे. पाण्यांतील क्षारांनीं छिद्रें हळूहळू भरतात. पाणी निवेनासें झालें कीं माठ बदलावा.

राहतां राहिला आकार. घरांतल्या माणसांचा हिशेब करावा आणि त्यांत एक तांब्या अधिक धरावा. भर दुपारीं दाराशीं आलेल्या वाटसरूला तो हवा असतो.