शनिवारचे दगड



शाळेचा विषय निघाला की मला शनिवारचं श्रमदान आठवतं. सर आम्हाला रांगेत उभं करून मैदानातले दगड हातोहात हलवायला लावत. आम्ही मनातून चिडायचो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. काही दिवसांनी वसईहून आमच्या चर्चचे आम्ही बारा युवक फादरांबरोबर निघालो. सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे किल्लारीकडे ट्रकने. सोबत जुन्या कपड्यांची गाठोडी होती. त्यांत फुलपँटी, फ्रॉक, टी-शर्ट. तिथल्या बायका लुगडी नेसणाऱ्या. गाठोडी पावसात तशीच भिजत पडली. मला फार लाज वाटली.

एका आजींनी कपडे घेतलेच नाहीत. म्हणाल्या, "माझं जातं तेवढं काढून द्या." त्या जात्यावर त्यांची सून दळायची. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. सगळं झोपेतच अंगावर आलं होतं. आम्ही रांग धरली आणि हातोहात दगड हलवले. दुपारपर्यंत जात्याचा खालचा दगड तेवढा सापडला. आजींनी तो पदरानं पुसला आणि विचारलं, "लेकरांनो, तुमच्याकडं घरं कशाची हायती?"

"विटांची."

"बरं हाय. दगडाच्या घरात निजू नका."

आम्ही मदत द्यायला गेलो होतो. काळजी मात्र त्यांनीच आमची केली.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. त्या शनिवारी तुमच्यामागे जे बोललो, त्याबद्दल माफ करा.