गाणं कशावर ऐकावं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाण्याचा नाद असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तुम्ही गाणं कशावर ऐकता?’ रेकॉर्डवर, कॅसेटवर, सीडीवर की मोबाईलवर? विचारणाऱ्याला बहुधा एका शब्दात उत्तर हवं असतं. मला ते देता येत नाही, कारण माझ्या घरात या चारही वस्तू नांदतात आणि प्रत्येकीची वेळ ठरलेली आहे.

मी राहतो नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याला, गुजरातच्या हद्दीजवळ. पुण्यामुंबईच्या रसिकांना मैफल म्हणजे संध्याकाळी रिक्षाने जाऊन ऐकायची गोष्ट. आमच्याकडे तशी सोय नाही. मोठ्या गवयांना समोर बसून ऐकण्याचा योग आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. म्हणून आमच्यासारख्यांना ध्वनिमुद्रण हीच मैफल, आणि ते कशावर उतरलं आहे याला आमच्या लेखी महत्त्व आहे.

हिंदुस्थानात व्यापारासाठी पहिलं मोठं ध्वनिमुद्रण झालं १९०२ साली, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग आले होते आणि गौहरजान गायल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं संपताच गौहरजान स्वतःचं नाव सांगत, म्हणजे पुढे कारखान्यात कोणाची तबकडी आहे ते कळावं. सुरुवातीला या तबकड्या जर्मनीत छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. गंमत अशी, की या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, ती लाख आपल्याच देशातल्या पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची. लाख इथली, आवाज इथला, फक्त यंत्र परदेशातलं.

तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत तो कसा सांगायचा, हा मोठाच पेच होता. पण त्यातूनच एक शिस्त आली. फापटपसारा नाही, पहिल्या स्वरापासून राग समोर उभा. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. गदगचा एक लहान मुलगा दुकानात वाजणारी त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून असा वेडावला, की गुरूच्या शोधात १९३३ साली घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तीन मिनिटांची एक तबकडी काय करू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

मग एलपी आली. अमेरिकेत १९४८ साली आणि नंतर आपल्याकडे. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ३३ आणि एक तृतीयांश. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणं मावू लागलं आणि आलापीला श्वास घ्यायला जागा मिळाली. किशोरीताई आमोणकरांचा भूप १९७१ साली एलपीवर आला. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. ही तबकडी लावायची म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवायचं, धूळ पुसायची, सुई हळूच टेकवायची आणि बसायचं. मधेच गाणं बदलायचं तर उठावं लागतं, म्हणून माणूस बदलत नाही. एलपीने श्रोत्याला बसायला शिकवलं, असं मी म्हणतो.

मात्र आमच्या भागात एलपी फार घरांत नव्हत्या. खेड्यात गाणं आलं ते रेडिओवरून. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची ५६ गीतं ऐकवली, १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला असे. वीज नसली तरी सेलवर रेडिओ चालायचा. रेडिओची खुबी ही, की पुढचं गाणं कोणतं हे आपल्या हातात नसतं. न मागितलेलं गाणं अवचित कानावर येतं आणि आवडून जातं.

खेड्यात गाणं विकत घेण्याची ऐपत आणली ती कॅसेटने. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या आणि बाजाराच्या दिवशी भजनं, लावण्या, अहिराणी गाणी पिशवीतून घरी येऊ लागली. आवाजात खरखर असे, फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळावी लागे. पण कॅसेटने आणखी एक गोष्ट केली, ती फार मोलाची. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं की आपल्या घरातला आवाज टिपता येऊ लागला.

पुढे सीडीने खरखर घालवली. एमपीथ्रीने तर सीडीवरच्या गाण्याचा आकार साधारण दहाव्या हिश्श्यावर आणला. कानाला सहसा जाणवत नाहीत असे ध्वनी वगळायचे, ही त्यातली युक्ती. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, आणि आता तर नुसतं नाव टाईप केलं की गाणं हजर. मी याला नावं ठेवत नाही. शेतात पाणी भरताना फोनवर अहिराणी गाणी छानच वाटतात. तक्रार एवढीच, की दहा हजार गाणी खिशात असली, की एकही शेवटपर्यंत ऐकलं जात नाही. परदेशातही हे जाणवलं असावं. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच.

तेव्हा माझं उत्तर असं : सकाळी रेडिओ, कामात मोबाईल, आणि रात्री जेवणं आटोपली की एलपीची एक बाजू. एकच, पण पूर्ण.

आता जरा महत्त्वाचं. थोर गवयांच्या तबकड्या सांभाळणारे लोक आहेत. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गावोगाव फिरून जमवल्या आणि आज त्यांतल्या कित्येक इंटरनेटवर ऐकता येतात. पण श्रावणात कानबाईच्या उत्सवाला तुमच्या आजीने म्हटलेली गाणी, आत्याने लग्नात हळदीला म्हटलेली गाणी, होळीला वाजलेला ढोल आणि पावरी, हे कोण सांभाळणार? ते कुठल्याही कंपनीने छापलेलं नाही. ते आहे तुमच्या ट्रंकेत, नव्वद मिनिटांच्या एखाद्या कॅसेटवर, आणि त्याची दुसरी प्रत जगात नाही.

कॅसेटची फीत कायमची नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाजवणारी यंत्रंच भंगारात चालली आहेत. म्हणून चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर शोधा. त्याचं हेड कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. मग वायरने कॉम्प्युटरला जोडून आवाज उतरवून घ्या. मूळ प्रत एमपीथ्रीत न ठेवता पूर्ण आकाराच्या वेव्ह फाईलमध्ये ठेवा, कारण एकदा वगळलेला आवाज परत येत नाही. दोन ठिकाणी प्रती ठेवा. आणि कोण गातंय, कुठल्या गावात, कोणत्या साली, हे लिहायला विसरू नका. गौहरजान शेवटी नाव सांगत. आपली आजी सांगत नाही.

१९७७ साली व्हॉयेजर याने अंतराळात निघाली, तेव्हा त्यांच्यावर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी होती. तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर ती वाजवायची सुईसुद्धा ठेवली आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरल्या. ऐकणारा कोण, कधी भेटेल, काहीच ठाऊक नसताना त्यांनी एवढी काळजी घेतली. आपल्याला तर ऐकणारे ठाऊक आहेत, ते अंगणातच खेळताहेत. त्यांच्यासाठी घरातली ती एक कॅसेट या आठवड्यात बाहेर काढा.