हवाई विद्यापीठांतील भाषेची अट

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर, होनोलुलु शहराच्या मानोआ खोऱ्यांत, १९०७ सालीं स्थापन झालेलें हवाई विद्यापीठ आहे. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील भाषा आणि संस्कृति हा त्याचा एक विशेष अभ्यासविषय. जपानी, चिनी, कोरियन यांच्या पंक्तीला तेथें सामोअन, ताहितियन, इलोकानो आणि बेटांची मूळची हवाईयन ह्या भाषाहि मानानें बसल्या आहेत.

बी. ए. च्या पदवीस तेथें एकंदर १२० क्रेडिटें मिळवावीं लागतात. आठवड्यास एक तास याप्रमाणें सत्रभर चाललेलें अध्यापन म्हणजे साधारणपणें एक क्रेडिट. ह्या बेरजेंत एक अट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. हवाईयन किंवा इंग्रजीखेरीज दुसरी एखादी भाषा विद्यार्थ्यास सामान्यतः दोन वर्षांच्या अभ्यासाइतकी यावी लागते. ती आधींच येत असेल, तर परीक्षा देऊनहि अट पुरी करतां येते. हवाईयन हाच मुख्य विषय घेणाऱ्यास अर्थातच पुढच्या वर्षांच्या पायऱ्याहि चढाव्या लागतात.

यावर कोणी विचारील, चार वर्षांच्या अल्प अवधींत रूपें व शब्द घोकण्यांत एवढा काळ कां दवडावा? इतिहास, धर्म, कला यांवर इंग्रजींत उत्तम ग्रंथ आहेत. तेवढ्यानें भागणार नाहीं काय? ह्या प्रश्नाचें उत्तर हवाईच्या इतिहासानेंच दिलें आहे.

अमेरिकन मिशनरी १८२० सालीं तेथें आले. त्यांनीं हवाईयन भाषेस रोमन लिपि दिली, आणि लोक झपाट्यानें साक्षर झाले. १८३४ पासून १९४८ पर्यंत त्या भाषेंत अनेक वृत्तपत्रें निघालीं. परंतु १८९३ सालीं राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, आणि १८९६ च्या कायद्यानें शाळांचें माध्यम इंग्रजी ठरलें. शाळेंतून गेलेली भाषा हळूहळू घरांतूनहि गेली. तीं वृत्तपत्रें मात्र कपाटांत तशींच राहिलीं. वाचणारे फार थोडे उरले.

१८९८ सालीं हीं बेटें अमेरिकेनें आपल्या ताब्यांत घेतलीं, तेव्हां तेथील लोक स्वस्थ बसले होते, असें केवळ इंग्रजी कागदांवर विसंबणारे इतिहासकार पुढें लिहीत राहिले. वस्तुतः १८९७ सालीं २१,००० हून अधिक लोकांनीं त्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या होत्या. नोएनोए सिल्वा ह्या विदुषीनें ते कागद वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यांतून पुढें आणले, आणि हवाईयन वृत्तपत्रें वाचून २००४ सालीं त्या प्रतिकाराचा इतिहास ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. भाषा येत नसती, तर त्या वृत्तपत्रांची साक्ष कोणी घेतली असती?

१९७८ च्या घटनादुरुस्तीनें हवाईयन ही इंग्रजीच्या जोडीनें राज्याची अधिकृत भाषा झाली, व १९८४ पासून त्या माध्यमाच्या बालशाळा निघूं लागल्या. त्या शाळांना शिक्षक हवेत. जुन्या पानांना वाचक हवेत.

दोन वर्षांत कोणी पंडित होत नाहीं, हें खरें. दार मात्र उघडतें. हवाईयन भाषेंत ‘कुलेआना’ हा एकच शब्द हक्क आणि जबाबदारी ह्या दोन्ही अर्थांनीं वापरतात. एखाद्या लोकसमाजाविषयीं बोलण्याचा हक्क ज्यास हवा, त्यानें त्या समाजाचें बोलणें त्याच्याच भाषेंत ऐकण्याची जबाबदारीहि पत्करली पाहिजे. विद्यापीठाची अट मागते तें एवढेंच.