कॅड शिका, तेही कमी खर्चात

यंत्राच्या सुट्या भागापासून घराच्या नकाशापर्यंतची आरेखनं आज संगणकावर होतात. यालाच कॅड म्हणतात. ते शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागतं, असं समजून अनेक मुलं मागं राहतात. तसं मुळीच नाही.

सपाट, द्विमितीय ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड घ्या. ते मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालतं. त्रिमितीय कामासाठी फ्रीकॅड आहे. तेही मोफत आणि मुक्तस्रोत. २००२ पासून विकसित होत आलेल्या फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. त्यात एखादं माप बदललं, की त्यावर अवलंबून असलेला आकारही बदलतो. कारखान्यातल्या कामाची हीच पद्धत आहे. ऑटोकॅडच हवं असेल, तर पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क कंपनी ते शिक्षणासाठी विनामूल्य देते. त्यामुळे चोरीची प्रत वापरण्याची गरजच नाही.

मात्र आधी हातानं रेखाटायला शिका. समोरून, वरून आणि बाजूनं वस्तू कशी दिसते, हे कागदावर जमलं पाहिजे. ही दृश्यं कागदावर मांडण्यासाठी आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण (फर्स्ट अँगल प्रोजेक्शन) वापरतात, ते पक्कं करा. अभियांत्रिकी आरेखनावरची एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची व्याख्यानं घरबसल्या फुकट पाहता येतात.

मग घरातला नट-बोल्ट किंवा दाराची कडी घ्या, व्हर्नियर कॅलिपरनं मोजा आणि संगणकावर उतरवा. रोज एक तास द्या. नोकरी मागताना तुमची स्वतःची ड्रॉइंग्ज दाखवा. तुमचं कौशल्य त्यांतूनच दिसेल.